सामान आहे, कॉलेज नाही

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, ही गोष्ट घरात सांगायची असेल तर पेढे आणण्याच्या आधी सांगावी. आमच्याकडं ती पेढे संपल्यावर निघाली.

जूनमध्ये सीईटीचा निकाल लागला. पुतण्यानं मोबाईल पुढं केला. त्यावर ९४ आणि दशांश चिन्हानंतर आकड्यांची लांबलचक शेपटी होती. वहिनींनी शेपटीकडं बघितलंच नाही. "चौऱ्याण्णव!" म्हणून त्या ओरडल्या, दादानं गाडीला किक मारली आणि वालचंदनगरच्या बाजारातून पेढे आले. कळंबात आळीभर वाटूनही पुडा उरला. तुकोबांची पालखी तेव्हा आमच्याच इंदापूर तालुक्यात होती. आबा बेलवाडीच्या गोल रिंगणाला निघाले, तेव्हा पुडा पिशवीत घालून गेले आणि "नातवाला चौऱ्याण्णव टक्के पडले" असं सांगत अनोळखी वारकऱ्यांना पेढे वाटून आले. म्हणजे बातमी पंढरपूरपर्यंत गेली असणार. पुढं जे झालं ते निदान पांडुरंगाला तरी कळायला नको होतं, पण तीही सोय राहिली नाही.

घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडं येतो, कारण मी पतसंस्थेत कारकून होतो. तेव्हा खुलासा करायचं कामही माझ्याकडंच आलं.

"म्हंजे पेपरात चौऱ्याण्णव मार्क न्हाईत?" आबा.

"नाहीत. शंभरातली चौऱ्याण्णव पोरं ह्याच्या मागं किंवा बरोबरीला, असा अर्थ."

"आन् पुढं किती?"

"सहा."

"मग सातवा आला की!"

"आबा, शंभरातली सहा. परीक्षेला लाखांनी पोरं बसतात. लाखामागं सहा हजार पुढं."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "सहा हजार? आन् मी वारकऱ्यांना काय सांगून आलो?"

मग मी मुळापासून सुरुवात केली. २०१९ पासून ही परीक्षा कम्प्युटरवर होते. सगळ्यांना एकदम बसवता येत नाही, म्हणून वेगवेगळे दिवस आणि वेगवेगळ्या पाळ्या. सकाळच्या पाळीचा पेपर सोपा निघाला आणि दुपारचा अवघड, तर नुसते मार्क धरून कुणाचं खरं मानायचं? म्हणून पर्सेंटाइल. आबांनी वालचंदनगरच्या कंपनीत सगळी नोकरी तीन पाळ्यांत काढलेली. हा मुद्दा त्यांना चटकन पटला. "रातपाळीवाल्याला वाढीव पर्सेंटाइल पाहिजे," एवढी एकच दुरुस्ती त्यांनी सुचवली.

पण एवढा खुलासा होऊनही घर निश्चिंत होतं. कारण थोरली पुण्यातल्या एका नावाजलेल्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती, आणि थोरलीचं ते धाकट्याचं, हा आमच्या घरातला सगळ्यात जुना कायदा. मी स्वतः धाकटा आहे. माझ्या दहावीच्या ग्रुप फोटोत मी जो शर्ट घातलाय, तोच शर्ट दादाच्या दहावीच्या फोटोतही आहे. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर दोघांपेक्षा शर्टाचीच वाटचाल जास्त ठळक दिसते. पुतण्याचंही तसंच. थोरलीची लेडीज सायकल त्यानं आठवीपर्यंत चालवली. थोरलीचे नवनीत त्यानं वाचले, आणि तिनं पेन्सिलनं "इंपॉर्टंट" लिहिलेल्या ओळी सोडून बाकीच्या सोडूनच दिल्या. बालवाडीत त्याला प्रवेश मिळाला तोसुद्धा "बहीण इथंच शिकते" या एका वाक्यावर. बऱ्याच इंग्रजी शाळांत भावंडांना आधी घेतात. दादाची समजूत अशी, की हा नियम बालवाडीत एकदा लागू झाला की तो पदवीपर्यंत चालतो.

त्यामुळं माडीवरच्या पत्र्याच्या ट्रंकेत दोन वर्षांपासून ॲडमिशन होऊन गेलेली होती. ट्रंकेत थोरलीच्या पहिल्या वर्षाचा ड्राफ्टर होता, जुन्या लुगड्याच्या घडीत गुंडाळलेला. ड्रॉइंगच्या शीट गुंडाळायची काळी नळी होती. हॉस्टेलची बादली होती, आणि बादलीत हॉस्टेलचाच मग. पहिल्या वर्षाच्या गणिताची तीन पुस्तकं होती, त्यातलं एक पुस्तक थोरलीनंही उघडलेलं नसावं. आणि सगळ्यात वर, डांबराच्या गोळ्यांसह, वर्कशॉपचा निळा बॉयलर सूट. तो वहिनींनी थोरलीसाठी घेतला तेव्हाच दोन नंबर मोठा घेतला होता, "पुढं ह्याला होईल" म्हणून. थोरली वर्षभर बाह्या दुमडून, पाय दुमडून, कमरेला नाडी बांधून लेथपुढं उभी राहिली. धाकट्याच्या इंजिनिअरिंगची एवढी जय्यत तयारी महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या घरात झाली असेल असं वाटत नाही. आता फक्त धाकट्याला इंजिनिअरिंगला घ्यायचं बाकी होतं.

मग कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, फॉर्म आला.

या फॉर्ममध्ये कॉलेज आणि शाखा मिळून तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. हे ऐकून दादा चिडला. "तीनशे कशाला? आपल्याला एकच पाहिजे. बाकीचे दोनशे नव्याण्णव भरले तर त्यांना वाटेल, ह्यांचं कुठंही चालतंय." मी म्हणालो, लग्नाच्या बोलणीत असं म्हणतात, कॅपमध्ये नाही. दादानं ऐकलं नाही. पोरगा मान खाली घालून "बरं" म्हणाला आणि फॉर्म भरायला नेट कॅफेत निघून गेला. तो इतक्या लवकर "बरं" म्हणतो तेव्हा काहीतरी शिजत असतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी तेव्हा आबांना मागच्या वर्षीचे कटऑफ वाचून दाखवण्यात अडकलो होतो.

ही कटऑफची यादी ज्यांनी वाचली नाही, त्यांनी वाचूच नये. प्रत्येक कॉलेजखाली शाखा, प्रत्येक शाखेखाली खोकी आणि प्रत्येक खोक्याच्या डोक्यावर "जीओपीईएनएच", "एलओपीईएनएच", "जीओपीईएनओ" असले शब्द. जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज, मधलं ओपन म्हणजे खुला, शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यभराची. आबांनी चष्मा पुसला.

"थोरली कशातनं लागली?"

"एलमधून."

"मग ह्यालाबी एलमध्ये घाला की."

"आबा, ते मुलींसाठी आहे. तीस टक्के जागा."

आबा थोडा वेळ गप्प बसले आणि मग कुणालाच उद्देशून नाही असं बोलले, "ह्यो बी पोरगीच झाला असता तर काम झालं असतं."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी दारात आल्या. "आबा, पहिली झाली तेव्हा दुसरा मुलगाच होऊ दे म्हणून नवस तुम्हीच बोलला होता. बोकड कापला होता."

आबांनी यादी माझ्या हातात दिली आणि पान खायला बाहेर गेले.

एचचा प्रकार तर त्याहून मजेशीर. ज्या ठिकाणी तुम्ही बारावी केली, ते ठिकाण ज्या विद्यापीठाच्या हद्दीत येतं, ते तुमचं गृह विद्यापीठ. आमचं कळंब पुणे विद्यापीठात. पण नीरा नदी ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातला माळशिरस तालुका लागतो आणि २००४ पासून तिथं सोलापूर विद्यापीठ आहे. म्हणजे पोरगं पोहत पलीकडं गेलं आणि तिथल्या कॉलेजात बारावी करून आलं, तर पुण्याच्या लेखी ते परकं. आबा म्हणाले, "आयुष्यभर बैलं धुतली त्या नदीत, एवढी भानगड तिच्यात असंल असं वाटलं नव्हतं." त्यांनी तेवढ्यात एक हिशोबही केला, की पलीकडच्या पाव्हण्यांची पोरं पुण्यात बाहेरची ठरतात, तर तेवढ्या जागा आपल्याला सुटल्या असतील. पाव्हण्यांविषयी आबांचं मत इतकं चांगलं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

पहिली फेरी लागली. थोरलीच्या कॉलेजात नाव नाही. दादानं मोबाईल बंद करून परत चालू केला. तरी नाही.

आमच्याकडं माणसाला कॉलेज मिळालं की फोन येतात. नाही मिळालं की माणसं येतात. संध्याकाळपासून रीघ लागली. पहिल्या आत्या आल्या, त्यांनी दारातच पदर तोंडाला लावला. मागून जोशात आलेले शेजारी आत्यांना बघून हळू झाले. सतरंजी अंथरली गेली. कुणीतरी बिस्किटांचे पुडे आणले होते, वहिनींनी बिनसाखरेचा वाटावा असा चहा केला आणि सगळे मधल्या घरात भिंतीला टेकून बसले. कुणी मोठ्यानं बोलेना. एकानं विचारलं, "कळलं कधी?" दादा म्हणाला, "दुपारी पाचच्या सुमाराला." दुसऱ्यानं च्यक् च्यक् केलं. तिसरे म्हणाले, "परवा तर रस्त्यात भेटला होता, चांगला हसून बोलला." आणि हे सगळं ज्याच्याविषयी चाललं होतं तो धाकटा कोपऱ्यात बसून एकेक बिस्कीट चहात बुडवून खात होता. त्याच्या चेहऱ्यावर दुःख दिसेना, म्हणून आत्यांना जास्तच काळजी वाटायला लागली. "आतल्या आत घेतंय पोरगं," असं म्हणत त्यांनी आणखी एक पुडा त्याच्यापुढं सरकवला.

मग उपाय सुरू झाले. आमच्या भागात कुठल्याही अडचणीवर पहिला उपाय चिठ्ठी.

"एखाद्या पुढाऱ्याची चिठ्ठी घ्या."

"अहो, कम्प्युटर ठरवतो सगळं. चिठ्ठी कुठं चिकटवणार?"

"मग कम्प्युटरवाल्याला द्या."

दुसऱ्यानं सुचवलं, थोरलीनं तिथल्या सरांना सांगावं. हे दादाला पटलं. त्यानं तिथल्या तिथं फोन लावला आणि स्पीकर चालू केला, सगळ्यांनी ऐकावं म्हणून.

"तुझ्या सरांना सांग, माझा सख्खा भाऊ आहे म्हणून."

"बाबा, मलाच ओळखत नाहीत इथं सर. मी मागच्या बाकावर बसते."

सतरंजीवर शांतता पसरली. दोन वर्षं गावात "आमच्या थोरलीला कॉलेजात सगळे ओळखतात" असं सांगत फिरलेल्या बापानं स्पीकर बंद केला. पुढचं बोलणं अंगणात जाऊन झालं.

आबांचा उपाय वेगळा होता. ते दरसाल आळंदीची कीर्तनं ऐकतात. "निवृत्तिनाथ थोरले. त्यांनी धाकट्या ज्ञानोबाला दीक्षा दिली का न्हाई? तवा कुठं फेरी लागली होती? थोरल्यानं हात धरला की धाकटं पार होतं." मी म्हणालो, तो मार्ग वेगळा. आबा म्हणाले, "मार्ग वेगळा, भावंडं तीच."

वारकरी मार्ग थांबला तेव्हा ते सांगलीच्या मार्गाला लागले. सांगलीत वालचंद कॉलेज आहे आणि आपण वालचंदनगरचे. शेठजींच्या कंपनीत उभी हयात घालवलेल्या माणसाच्या नातवाला शेठजींच्याच नावाचं कॉलेज नको म्हणेल का, हा आबांचा प्रश्न. ते कॉलेज १९४७ मध्ये धोंडूमामा साठ्यांनी काढलं आणि वालचंद हे नाव त्याला पुढं १९५५ मध्ये मिळालं, हे मी सांगितलं. आबांना काही फरक पडला नाही. "नाव तर तेच हाय ना?" मग त्यांनी शेवटचा आधार काढला. वालचंद हिराचंदांनी मुंबईत आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पाय ठेवला, पण पदवी न घेताच धंद्यात पडले. आणि त्याच माणसानं पुढं आपल्या उशाला साखर कारखाना उभा केला, विशाखापट्टणमला जहाजांची गोदी काढली, बंगळूरला विमानांचा कारखाना आणि मुंबईला मोटारींचा. "कॉलेज सोडूनच शेठजी मोठे झाले," आबा धाकट्याकडं बघून म्हणाले.

"सोडायला आधी मिळावं लागतं," वहिनी म्हणाल्या.

याच्यावर कुणालाच काही बोलता आलं नाही. आमच्या कंपनीत घडलेले भाग इस्रोच्या रॉकेटातून वर गेलेत. ते वरवर जात असताना आमच्या घरातून पुण्यापर्यंत एक पोरगं जाईना, ही खंत त्या रात्री दादानं दोन वेळा बोलून दाखवली. दुसऱ्या वेळेला त्यानं चंद्राचाही उल्लेख केला.

दुसऱ्या फेरीतही तेच. एव्हाना माझ्या ध्यानात आलं, की घरात जो तो स्वतःच्या हिशेबाचा शोक करतोय. दादाचा शोक खोलीच्या भाड्याचा. दोघं पुण्यात असती तर स्वस्तात भागलं असतं, आता वेगळा खर्च. आत्यांचा शोक असा, की त्यांनी सासरी आधीच सांगून टाकलं होतं. वहिनींचा शोक ट्रंकेचा. त्या दुपारी माडीवर जायच्या, ट्रंक उघडायच्या, बॉयलर सूटाच्या डांबराच्या गोळ्या बदलायच्या आणि खाली येऊन कुणाशी न बोलता भाकऱ्या थापायच्या. "एवढं जपून ठेवलं होतं," एवढंच एकदा म्हणाल्या. पोराची ॲडमिशन हुकल्याचं दुःख त्यांना होतंच, पण त्या ड्राफ्टरकडं बघून ते जास्त व्हायचं. पोराला दुसरं कॉलेज मिळेल. ड्राफ्टरला कुठं मिळणार?

आणि धाकट्याच्या शोकाविषयी कुणी विचारलंच नाही. मीच एकदा विचारलं.

"वाईट वाटलं का रे?"

"काका, खरं सांगू? मी बारामती वर टाकली होती."

एकच पर्याय भर म्हणून बापानं सांगितलं होतं, तिथं पठ्ठ्यानं पाऊणशे भरले होते. ताईचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर ठेवलं, म्हणजे बाबांना दाखवायला बरं, आणि त्याच्या खालोखाल बारामती. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेरीला जाता येत नाही. तेवढी एकच धास्ती त्याला होती. ९४ वर ती धास्ती बाळगायचं कारण नव्हतं, पण घरातले सगळे पेढे वाटत होते, त्यामुळं त्यालाही वाटायला लागलं की कदाचित लागेलच. पहिली यादी बघून तो बिस्किटं खात होता ती सुटकेची होती.

"पण बारामतीच का?"

"तिथं कुणी मला ताईचा भाऊ म्हणणार नाही. आणि तिथं ताईची सायकल नेता येत नाही."

तिसऱ्या फेरीत बारामती लागली. दादानं आधी तोंड पाडलं, मग एसटीच्या पासाचा हिशोब केला आणि तोंड सरळ केलं. मुलगा घरी राहणार, घरी जेवणार. खोली नाही, मेस नाही. वहिनींनी घरात सगळ्यांत आधी ही बाब ओळखली होती, पण आनंद दाखवला तर ट्रंकेचा अपमान होईल म्हणून गप्प होत्या. पोरगा आता रोज सकाळी जंक्शनवर जाऊन बारामतीची गाडी पकडतो. हे जंक्शन म्हणजे आमच्याजवळचं गाव, नाव जंक्शन असलं तरी रेल्वेच्या गाडीत बसायचं असेल तर तिथून बारामतीच गाठावी लागते. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. आम्ही हसत नाही, आमची गाडी चुकलेली असते.

दिवाळीला थोरली आली. जेवणं झाली, फराळाचे डबे निघाले आणि वहिनींनी तो विषय काढलाच. "तुझ्या त्या सामानाचं काय करू? ह्याच्या कॉलेजात चालत नाही म्हणतो. वर्कशॉपला खाकी ॲप्रन लागतो त्यांना."

थोरली चकलीचा तुकडा मोडत म्हणाली, "आई, आमच्याकडंपण नवीन अभ्यासक्रम आलाय. ड्रॉइंग आता कम्प्युटरवर आहे. पुस्तकंपण बदलली."

"म्हणजे ह्याला तिथं मिळालं असतं तरी?"

"तरी सगळं नवीनच घ्यावं लागलं असतं."

वहिनींच्या चेहऱ्यावरून जून महिन्यापासूनचं ओझं उतरलं. त्यांनी स्वतःहून दोन करंज्या खाल्ल्या. नुकसान मुळात झालंच नव्हतं, हे कळल्यावर माणसाला जी भूक लागते ती वेगळीच. "मग भंगारवाल्याला देऊन टाकू," त्या म्हणाल्या, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाल्या.

धाकटा खाली बघायला लागला. त्याचं खाली बघणं आता मी ओळखतो.

"ड्राफ्टर नाहीये वर," तो म्हणाला. "विकला."

"कुणाला?"

"वर्गातल्याला. आमच्याकडं अजून हातानंच ड्रॉइंग आहे. तीनशेला गेला."

"आणि तुला?"

"मी मित्राबरोबर वाटून घेतलाय. त्याची मोठी बहीण आमच्याच कॉलेजात होती."

थोरली उठून उभी राहिली. "माझा ड्राफ्टर! माझे तीनशे दे."

"तुझा कसला? जपून आईनं ठेवला."

"आणि तो बॉयलर सूट? वर्षभर बाह्या दुमडून घातला मी, तुझ्यापायी! अख्खा वर्ग मला बुजगावणं म्हणायचा."

"अर्धे देतो."

"दोनशे."

दादा मध्ये पडणार होता, पण भावंडांचा व्यवहार आहे म्हणून मी त्याला बसवलं. पावणेदोनशेवर तुटलं. धाकट्यानं खिशातून नोटा काढून मोजल्या, थोरलीनं परत मोजल्या. बाजेवर पडलेल्या आबांना आम्ही झोपलेत असं समजत होतो.

"त्या बॉयलर सूटाचं बी बघ रं बारामतीत काय येतंय," ते म्हणाले. "दोन नंबर मोठा हाय म्हणून सांग. वाढत्या अंगाचं गिऱ्हाईक बघ."